हिवाळ्यात चढणारा मासा

मृगाचा पहिला दणका बसला की कोकणात वहाळांतून, शेताच्या बांधांवरून मासे प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. चढणीचे मासे, वलगणीचे मासे. अंडी घालायला निघालेले. रात्री बत्ती घेऊन ज्यांनी ते धरले आहेत, त्यांना स्टीलहेड समजावून सांगायला वेळ लागत नाही. अमेरिकेच्या वायव्य टोकाला, वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावरच्या नद्यांतला हा चढणीचाच मासा. फक्त तो पॅसिफिक महासागरातून येतो, भर थंडीत येतो, आणि रानटी असेल तर त्याला घरी न्यायचं नसतं.

रेनबो ट्राउट आणि स्टीलहेड ही जात एकच. काही पिल्लं जन्मभर नदीतच राहतात, काही दोन-तीन वर्षांची झाल्यावर समुद्र गाठतात, तिथे रुपेरी आणि दांडगी होऊन पुन्हा आपल्याच नदीत शिरतात. पॅसिफिकमधले सॅमन मासे अंडी घालून मरतात. स्टीलहेड मरतोच असं नाही. त्यातले काही समुद्रात परत जाऊन पुढच्या हंगामात पुन्हा चढतात. मला या माशाबद्दल सगळ्यांत जास्त आदर वाटतो तो यासाठी.

सिअ‍ॅटल, रेडमंड, बेलव्ह्यूमध्ये आता मराठी घरं पुष्कळ आहेत. तिथून फोर्क्स हे गाव गाडीने चारेक तासांवर. होह, सोल डक, बोगाशील, कलावा या नद्या त्याच्या आसपास. सहल ठरवताना बहुतेक जण आधी तारीख बघतात, मग हॉटेल. मला वाटतं, आधी पाऊस बघावा. फोर्क्सला वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस होतो, जवळपास आपल्या रत्नागिरीइतका; पण त्यातला बराचसा नोव्हेंबर ते मार्च या काळात. म्हणजे माशांचा हंगाम आणि पुराचा हंगाम एकच.

होह नदी माउंट ऑलिंपसच्या हिमनद्यांतून निघते. हिमनदीने खडक दळून केलेलं पीठ तिच्या पाण्यात असतं, त्यामुळे मोठा पाऊस झाला की ती गढूळ होते आणि निवळायला कित्येक दिवस घेते. सोल डकच्या उगमाशी तशी हिमनदी नाही. ती लवकर निवळते. म्हणून मासेमारीला नेणारा वाटाड्या ठरवताना एकाच नदीवर अडून बसणारा नको. पाणी चढतंय की उतरतंय हे नदीवरच्या सरकारी मापकांवरून कुणालाही घरबसल्या दिसतं. उतरत्या पाण्याला शेवाळी हिरवा रंग आला, तळ जेमतेम दिसू लागला, की तिथले जाणकार कामधंदा सोडून नदीवर जातात. त्यामुळे एका दिवसासाठी जाऊ नका. किमान तीन दिवस ठेवा, आणि त्यातला एक पावसाला द्यायची मनाची तयारी ठेवा.

वाटाड्याला आगाऊ रक्कम देण्याआधी एक प्रश्न जरूर विचारा: नदी गढूळ झाली तर काय करणार? दुसरी नदी कोणती, पैसे परत की तारीख पुढे, हे तो सरळ सांगत असेल तर माणूस कामाचा. ‘काही काळजी करू नका, मासे मिळतीलच’ असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. परवाना, पाण्यात घालायचे लांब बूट, रॉड, दुपारचं जेवण यांतलं तो काय देतो आणि तुम्ही काय आणायचं, हेही आधीच ठरवून घ्या.

वाटाड्याची होडी वल्ह्यांची असते: सपाट तळाची, दोन्ही टोकं उचललेली. वाटाड्या प्रवाहाच्या दिशेला तोंड करून बसतो आणि उलटं वल्हवत होडीचा वेग रोखून धरतो. होडीत बहुधा दोनच गळकरी. सकाळी वरच्या धक्क्यावर होडी सोडायची, संध्याकाळी मैलोगणती खाली काढायची. मधल्या वेळात गावातलं कुणीतरी पैसे घेऊन तुमची गाडी खालच्या धक्क्यावर नेऊन ठेवतं. गेल्या काही हंगामांत इथल्या बऱ्याच नद्यांवर होडीतून गळ टाकायलाच बंदी आली. होडीने जायचं आणि उतरून, पाण्यात उभं राहून टाकायचा. नियम दरवर्षी, कधी हंगामाच्या मध्यावरही बदलतात. निघायच्या आदल्या दिवशी राज्याच्या मत्स्य खात्याचं पत्रक वाचा.

नदीत जाळी दिसली तर कुरकुर करू नका. ती होह, क्विल्यूट, क्विनॉल्ट या इथल्या मूळ लोकांची. एकोणिसाव्या शतकातल्या करारांनी त्यांनी जमीन दिली, मासेमारीचा हक्क राखून ठेवला. १९७४ साली न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांनी धरता येण्याजोग्या माशांतला निम्मा वाटा त्यांचा असल्याचा निकाल दिला. तो न्याय्यच होता. क्विनॉल्ट नदीच्या खालच्या पट्ट्यात गळ टाकायचा तर त्या जमातीचाच वाटाड्या घ्यावा लागतो.

थंडी मात्र हलक्यात घेऊ नका. पाणी जेमतेम चार-सहा अंशांचं. अंगाला सुती काहीही नको, भिजलं की ते ऊब खाऊन टाकतं. लोकरीचे थर घाला. छातीपर्यंतच्या जलरोधक पायजम्यावर कमरेचा पट्टा आवळलेलाच हवा, कारण पडलात तर तोच आत पाणी शिरू देत नाही. एवढ्या गार पाण्यात मासाही सुस्त असतो, म्हणून आमिष तळाजवळून सावकाश फिरवावं लागतं. स्टीलहेडला ‘हजार फेकींचा मासा’ म्हणतात. दिवसभरात एक ओढ लागली तर तो दिवस चांगला.

आणि लागलाच, तर शेपटीच्या अलीकडचा पाठीवरचा छोटा मांसल पर बघा. तो कापलेला असेल तर मासा हॅचरीत वाढलेला. शाबूत असेल तर रानटी, आणि २०१६ पासून वॉशिंग्टनमध्ये रानटी स्टीलहेड ठेवता येत नाही. फोटोसाठीही त्याला पाण्याबाहेर पूर्ण उचलायचं नाही. ओल्या हातांनी धरा, तोंड प्रवाहाकडे करा, तो स्वतः निसटेपर्यंत थांबा.

मार्चकडे उथळ पाण्यात गोट्यांचा एखादा पट्टा आजूबाजूपेक्षा फिकट, नुकताच घासल्यासारखा दिसेल. तिथे पाय ठेवू नका, वळसा घालून जा. मादीने शेपटीने खणलेली ती जागा असते आणि गोट्यांखाली अंडी असतात.