कुलवृत्तांत आणि समुद्रापलीकडच्या फेऱ्या

कुलवृत्तांताचे काम आता एका गावी बसून होत नाही. आमच्या भोपाळच्या घरी नोंदी लिहिल्या जातात, पुण्यात तपासल्या जातात आणि न्यू जर्सीतील मंडळी तिकडच्या शाखेची भर घालतात. वंशावळी, जुनी छायाचित्रे, मोडी कागदांच्या प्रती हे सारे भोपाळच्या संगणकात आहे. तो तिकडून थेट उघडू जाता माणसांचा धीर सुटतो. अशा वेळी घरोघरी एकच उपाय सुचतो : अधिक वेगाचे कनेक्शन घ्यावे. आमच्या मते हा पैसा बहुधा वाया जातो.

अडचण रस्त्याच्या रुंदीची नसून फेऱ्यांची आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर धावतो. भोपाळ-न्यू जर्सी अंतर सरळ मोजले तरी १२,००० किलोमीटरांच्या घरात. केबलींचा वळसा धरता प्रश्न जाऊन उत्तर येण्यास सुमारे पाव सेकंद लागतो. पापणी लवण्याइतकाच काळ! परंतु फाइल मागविण्याची जुनी रीत मोठी बडबडी. १९८०च्या दशकात ती एकाच कचेरीतील संगणकांसाठी बेतली गेली. शेजारच्या टेबलास दहादा विचारण्यास काय जाते? अमुक फाइल आहे काय, तिचा आकार किती, पहिला तुकडा द्या. आणि एकाचे उत्तर आल्यावाचून बहुधा पुढचा प्रश्न नाही. १,००० छायाचित्रे आणि प्रत्येकामागे १० फेऱ्या धरल्या, तर जवळजवळ ४२ मिनिटे नुसती वाट पाहण्यात जातात. कनेक्शन कितीही मोठे घ्या, त्यातले एक मिनिटही वाचत नाही. टपालाने पंचांगाचे एकेक पान मागवावे, तसाच हा प्रकार.

मायक्रोसॉफ्टने २००६ साली व्हिस्टाबरोबर या रीतीची नवी आवृत्ती आणली. शंभराहून अधिक आज्ञांच्या १९ झाल्या आणि अनेक प्रश्न एकाच लखोट्यात जाऊ लागले. दोन्ही टोकांचे संगणक ती जाणणारे हवेत, हे प्रथम पाहावे. हजार फाइलींची एकच झिप करून पाठविणे हाही साधा मार्ग आहे.

आम्हांस अधिक भावली ती ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल व पॉल मॅकेरस यांची १९९६ची आरसिंक ही युक्ती. प्रत दोन्हीकडे ठेवायची. जुनी प्रत बाळगणारा संगणक तिचे तुकडे पाडून प्रत्येकाची छोटी खूण कळवितो. नवी प्रत असलेला संगणक खुणा ताडून न जुळणारा भागच पाठवितो. एका जन्मतिथीच्या दुरुस्तीपायी सारा ग्रंथ समुद्र ओलांडत नाही. (झिप केलेल्या गठ्ठ्यावर मात्र ही युक्ती फारशी चालत नाही.)

तरीही एक पेच उरतो. दोन्हीकडे एकच पान एकाच दिवशी सुधारले गेले, तर खरी नोंद कोणती? म्हणून आम्ही प्रत्येक शाखेची फाइल निराळी केली. न्यू जर्सीच्या पानांवर न्यू जर्सीनेच लिहावे. दत्तकाच्या नोंदी दोन शाखांत येतात, त्या अजून दूरध्वनीवरच ठरतात.