आजीची तैलचित्रं गावाला दाखवायचीत? आधी ओलं फडकं बाजूला ठेवा

जुनं घर पाडायला काढलं की माळ्यावरची गाठोडी खाली येतात. एखाद्या घरात त्यात वारलेल्या आजीनं फावल्या वेळात रंगवलेली तैलचित्रं निघतात. बैलजोडी, आड, माहेरचा ओढा, देवळाची पायरी. नातवंडं म्हणतात, गावाला दाखवू. विचार चांगला आहे. पण धूळ पुसायच्या घाईत तीच चित्रं एका दुपारीत खराब होऊ शकतात.

घरच्या बाईची चित्रं कोण बघणार, असं अनेकांना वाटतं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ॲना मेरी मोझेस या शेतकरी आजीनं सत्तरी उलटल्यावर मन लावून चित्रं काढायला घेतली. १९३८ मध्ये ती गावातल्या औषधाच्या दुकानाच्या काचेत ठेवलेली होती. तिथं एका संग्राहकाची नजर पडली आणि १९४० मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, न्यूयॉर्क शहरात तिचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं. प्रत्येकीचं असं होईल असं नाही, पण चित्र लोकांसमोर आल्याशिवाय काहीच होत नाही.

रंग कसा टिकतो?

तैलरंगात बहुतेक वेळा जवसाचं तेल असतं. पांढऱ्या आणि फिक्या रंगांत करडईचंही वापरतात. ही तेलं पाण्यासारखी उडून जात नाहीत, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतात. शेंगदाण्याचं तेल असं वाळत नाही, म्हणून ते चित्राला चालत नाही. वर्षानुवर्षं अंधारात राहिलं की जवसाच्या तेलाचा रंग पिवळसर पडतो. चुलीचा धूर आणि पावसाळ्यातली ओल वेगळीच.

म्हणून पाणी, साबण, रॉकेल, लिंबू काहीही लावू नका. वरून नवं वार्निशही नको. रंगाचे पापुद्रे सुटलेले नसतील तरच मऊ, कोरड्या ब्रशनं हलक्या हातानं धूळ झटका. पापुद्रे सुटले असतील किंवा बुरशी दिसली तर चित्र आडवं ठेवा आणि जाणकाराला दाखवा. कडक उन्हात वाळवू नका, सावलीत हवेशीर जागा पुरते. कापड गुंडाळून नेऊ नका, जुना रंग तडकतो.

आधी फोटो

सकाळी सावलीत, फ्लॅश बंद करून, मोबाईल चित्रासमोर सरळ धरून फोटो काढा. एक पूर्ण चित्राचा, एक सहीचा, एक मागच्या बाजूचा. फिल्टर नको. पुढं चित्र बिघडलं तरी एवढं हाती राहतं.

हक्क कुणाचा?

चित्र ज्याच्या वाटणीत आलं, त्याच्याकडेच त्याच्या छपाईचा हक्क असतो असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात हा हक्क वेगळा धरला आहे. तो साधारणपणे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो आणि मृत्युपत्र नसेल तर वारसांकडे जातो. वारसांत मुलींचाही हिस्सा येतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. म्हणून कॅलेंडर छापण्याआधी किंवा फोटो सगळ्यांना वापरायला खुले करण्याआधी काका, आत्या, मावशी सगळ्यांची लेखी संमती घ्या. आज सोपं वाटणारं काम भांडण झाल्यावर अडतं.

प्रदर्शन कसं?

शाळेचा वर्ग, वाचनालय किंवा ग्रामपंचायतीचं सभागृह पुरतं. जत्रेला बाहेरगावची माणसं आलेली असतात, तेव्हा ठेवलं तर जास्त जण बघतात. थेट ऊन नको आणि चित्रातून खिळा ठोकू नका.

चित्राखाली आजीचं स्वतःचं पूर्ण नाव लिहा. गावात ती जन्मभर कुणाची तरी आई किंवा कुणाची तरी सून म्हणून ओळखली गेलेली असते. माहेरचं गावही लिहा. टेबलावर एक वही ठेवा. चित्रातला आड कुठला, ओढ्यावरची बाई कोण, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत. ती बोलतील ते त्याच दिवशी लिहून घ्या.