चपळ मोटारींचे अल्पायुष्य: गैरसमज आणि वस्तुस्थिती

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी खुला झाला आणि येळाकेळी वा विरुळ येथून मोटार त्यावर चढविण्याची सोय वर्धेकरांस लाभली, तेव्हापासून आमच्या जिल्ह्यात एक समज दृढ होत चालला आहे. तो असा की, असा रस्ता चार-पाच वर्षे आधी झाला असता, तर टाटांची टियागो जेटीपी किंवा फियाटची अबार्थ पुंतो या चपळ मोटारी बाजारातून उठल्याच नसत्या. समज रम्य आहे; परंतु या मार्गावर हलक्या वाहनांची कमाल वेगमर्यादाच ताशी 120 किलोमीटर असून तेवढा वेग साधी टियागोही गाठते, आणि चपळ मोटारीचा खरा गुण जो वळणावरचा तोल, त्याची परीक्षा सरळसोट रस्त्यावर होतच नाही.

दुसरा समज असा की, सरकारने अशा मोटारींवर बंदी घातली. तसे फर्मान कधीही निघाले नाही. निघाला तो धुराविषयीचा दंडक. 31 मार्च 2020 नंतर ‘बीएस-6’ खेरीज कोणतीही नवी मोटार विकता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये दिला, आणि दैवयोग असा की, 114 अश्वशक्तीची जेटीपी त्याच महिन्यात 6 लाख 39 हजारांस बाजारात आली. नव्या दंडकात बसविण्यासाठी इंजिनाची पुनर्रचना, चाचण्या आणि दाखले यांवर होणारा खर्च मोटारी शंभर विकोत वा लाख, बराचसा तेवढाच राहतो. लाखांत वाटला गेला तर तो जाणवत नाही, मूठभर गिऱ्हाइकांवर पडला की किंमतच हाताबाहेर जाते. म्हणून साधी टियागो नव्या दंडकात उतरली आणि जेटीपी सुटली. मारुतीची बलेनो राहिली, बलेनो आरएस गेली.

रांजणगावी तयार होणाऱ्या 145 अश्वशक्तीच्या अबार्थ पुंतोची कथा याहून करुण, कारण तिच्यावर कराचाही बोजा होता. लांबी चार मीटरांच्या आत आणि पेट्रोल इंजिन 1200 घनसेंटिमीटरपर्यंत, अशा मोटारीस कराची सवलत मिळते. पुंतो लांबीत बसली, पण तिचे इंजिन 1368 भरले. पुढे फियाटने बीएस-6च्या उंबरठ्यावर येथील विक्रीच आवरती घेतली.

‘लोकांना आवडली नाही म्हणून बंद झाली’ हे तर सर्वांत सोपे आणि सर्वांत अपुरे स्पष्टीकरण. 2025 मध्ये फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआयच्या 150 मोटारी आयात केल्या, सुमारे 53 लाखांस एक, आणि त्या हातोहात गेल्या. मात्र दीडशेंच्या हौसेवर कारखान्यात स्वतंत्र उत्पादन उभे राहत नाही. युरोपातही 2020 पासून कंपनीच्या सर्व नव्या मोटारींच्या सरासरी कार्बन उत्सर्जनावर कडक मर्यादा आणि तिच्या भंगास दंड असल्यामुळे, प्रत्येक जोरकस मोटार कंपनीच्या खात्यावर नावे पडते.

राहिला जुनी मोटार घेणाऱ्यांचा धसका, की बंद झालेल्या मोटारीचे सुटे भाग मिळतच नाहीत. जेटीपीचे इंजिन नेक्सॉनच्या कुळातले, दारे-काचा साध्या टियागोच्या. अडचण येते ती तिच्यासाठीच घडविलेल्या बंपरसारख्या भागांची, तेव्हा सौदा करण्यापूर्वी तेवढे मात्र नीट पाहून घ्यावे.