सेटिंग क्लासचीच

रेल्सचा इतिहास सांगणारे राउटिंगवर बोलतात, मायग्रेशनवर बोलतात. क्लासला सेटिंग जोडायची कशी, याकडे फिरकत नाहीत. फ्रेमवर्कची प्रकृती मात्र तिथेच कळते, असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे.

डेव्हिड हाइनमायर हॅन्सनने २००४ मध्ये रेल्स खुले केले. सुरुवातीचा धोपटमार्ग होता सीॲटर_ॲक्सेसर. मुळाशी रुबीचे क्लास व्हेरिएबल, म्हणजे मूळ क्लास आणि सगळे सबक्लास मिळून व्हॅल्यू एकच. एका मेलरने मेल पाठवण्याची पद्धत बदलली की बाकीच्यांचीही बदलली! क्लास_इनहेरिटेबल_ॲक्सेसर सबक्लास तयार होताना व्हॅल्यूची प्रत काढून देई. पण पुढे मूळ क्लासमध्ये केलेली दुरुस्ती खाली पोचत नसे.

मर्ब या दुसऱ्या फ्रेमवर्कला सामावून घेत २०१० मध्ये रेल्स ३ आले आणि त्यात क्लास_ॲट्रिब्यूट आले. मला आजही त्याचे कौतुक वाटते. सबक्लासने स्वतःची व्हॅल्यू दिली नाही, तर विचारणा सरळ वरच्या क्लासकडे जाते. वर आज केलेला बदल खाली आजच दिसतो. व्हॅल्यू दिली, की त्या सबक्लासपुरती मेथड नव्याने लिहिली जाते. त्याने वेगळी चूल मांडली, तरी थोरल्या घराला धक्का लागत नाही. पथ्य एकच. वरून आलेल्या ॲरेत दुहेरी बाणाने भर घातली, तर ती मूळ क्लासच्याच ॲरेत पडते. अधिक-बरोबर वापरले, तर नवा ॲरे बनतो. नव्या मुलांना शिकवताना मी या दोन ओळी फळ्यावर शेजारी-शेजारी लिहीत असे आणि दोन्हींचे उत्तर चालवून दाखवल्याशिवाय पुढे जात नसे.

नंतरचे थोडक्यात. ५.० मध्ये प्रत्येक थ्रेडची वेगळी व्हॅल्यू ठेवणारे थ्रेड_एमॲटर_ॲक्सेसर आले, ५.२ मध्ये डिफॉल्ट तिथल्या तिथे देता येऊ लागले. रेल्स ३ बरोबरच आलेले कॉन्फिगरेबल मॉड्यूल २०२५ च्या ८.१ मध्ये कालबाह्य ठरवले गेले. क्लास_ॲट्रिब्यूट टिकले.

आणि आता काही मंडळी म्हणतात, सगळे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये टाका. आधाराला ट्वेल्व्ह-फॅक्टर या ॲप्लिकेशन-बांधणीच्या नियमावलीचे नाव घेतात, पण तो दस्तऐवज नीट वाचत नाहीत. डिप्लॉयनुसार बदलते तेवढेच बाहेर ठेवा, असे त्यात आहे. ॲप्लिकेशनची अंतर्गत रचना त्यातून वगळली आहे आणि तिथे उदाहरण रेल्सच्या राउट्सचेच दिले आहे. हल्ली प्रकल्प उघडावा, तर व्हेरिएबलची लांबच लांब यादी दिसते. कुठली व्हॅल्यू कुठल्या क्लासची, हे टीममध्ये कुणालाच सांगता येत नाही. याचे मला मनापासून वाईट वाटते. डेटाबेसचा पासवर्ड बाहेर राहू दे. अहवालाच्या एका पानावर किती ओळी, हे सर्व्हरवर आणि माझ्या लॅपटॉपवर सारखेच असते. ती व्हॅल्यू अहवालाच्या क्लासमध्येच हवी, डिफॉल्टसकट, आणि एखाद्या ऑब्जेक्टने परस्पर बदलू नये म्हणून इन्स्टन्स_रायटर बंद करून.