चित्रभानु आणि कृष्णवर्त्मा

फाल्गुनी पौर्णिमेस आपण हुताशनी म्हणतो. हुत म्हणजे अग्नीस अर्पिलेली आहुती. तीच ज्याचे अशन, तो हुताशन. अमरसिंहाने आपल्या कोशात अग्नीची तीसांहून अधिक नावे दिली आहेत. आज होळीसमोर कॅमेरा वा मोबाईल उंचावणाऱ्या तरुणांस त्यांतील तीन नावे सांगावीत, असे आम्हांस वाटते.

पहिले नाव चित्रभानु, म्हणजे ज्याचा प्रकाश विविधरंगी तो. आमच्या मराठवाड्यात संबळ-तुणतुण्याच्या साथीने गोंधळ रंगतो, तेव्हा दिवटीच्या उजेडात गोंधळ्याचा चेहरा क्षणोक्षणी पालटतो. ही शोभा टिपणे सोपे नव्हे. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक भोवतालच्या काळोखास भुलतो, नको तितका प्रकाश आत घेतो आणि ज्योतीचा नुसता पांढरा डाग उरतो. फ्लॅश उडविला तर ज्योतच फिकी पडते. म्हणून जाणकार काळोख न मोजता उजळलेला चेहरा मोजतो. पडदा सेकंदाचा पाचशेवा भाग उघडला, तर ज्वालेच्या जिभा सुट्या दिसतात. पंधरावा भाग उघडला, तर फिरत्या दिवटीची सोनेरी रेघ उमटते. अग्नी तोच, परंतु चित्रे दोन!

दुसरे नाव आश्रयाश. ज्याच्या आधाराने राहावयाचे, त्यालाच खाणारा! माजलगावकरांना या नावाचा अर्थ समजावून सांगावयास नको. २०२३ साली अधिक श्रावण होता. याच तालुक्यात गोदातीरी पुरुषोत्तमपुरी आहे आणि अधिक मास हा पुरुषोत्तमाचा, दीपदानाचा मास. त्याच वर्षी ३० ऑक्टोबरला मराठा आरक्षणाच्या आंदोलनास हिंसक वळण लागले आणि माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांचे निवासस्थान, वाहने व नगरपरिषदेची इमारत पेटली. आमदार त्या वेळी घरातच होते. सुदैवाने ते सुखरूप राहिले. मागणी कोणतीही असो, नगरपरिषद म्हणजे गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदींचे, घरपट्टी-नळपट्टीच्या हिशेबाचे ठिकाण. ती पेटते तेव्हा गाव आपलाच आश्रय जाळीत असते.

त्या ज्वाळांची चित्रे पाहता पाहता देशभर पोहोचली. येथेच छायाचित्रकाराचे उत्तरदायित्व सुरू होते. भिंगास धर्म-अधर्म कळत नाही; त्याच्या लेखी होळी आणि जळते घर दोन्ही सारखीच देखणी. स्थळ, दिनांक व वेळ यांवाचून पाठविलेले आगीचे चित्र दुसऱ्या गावी, दुसऱ्या वर्षी नवी आग लावू शकते. उलट तीच माहिती जोडली, तर चित्र साक्षीस उभे राहते. आपण विवाहात अग्नीस साक्षी मानतो. साक्षीदाराने पाहिले तेवढेच सांगावे, पण पुरते सांगावे.

म्हणून तिसरे नाव कृष्णवर्त्मा, ज्याचा मार्ग काळा तो. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ या जहाजाचा स्फोट झाला. आग विझविताना अग्निशमन दलाच्या ६६ जवानांनी प्राण वेचले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. केवळ धुराच्या लोटाचे चित्र पाहून हे बलिदान कळत नाही. ते कळावयास आगीनंतरचे चित्र लागते: काळवंडलेली भिंत, भिजलेले कागद, थकून बसलेला जवान. कीर्तनात पूर्वरंगावर उठून जाणाऱ्यास आख्यान कळत नाही. ज्वाला शमताच परतणाऱ्या छायाचित्रकाराचेही तसेच होते.

तेव्हा मंडळी, आज होळीचे चित्र अवश्य घ्या, मात्र ज्वालेपासून अंतर राखून घ्या. कोठे खरोखरीच आग लागली, तर आधी बंबाला वाट द्या. आणि उद्या धूलिवंदनाच्या सकाळी राख कपाळी लावण्यापूर्वी तिचेही एक चित्र घ्या. आपण काय जाळले, हे ज्वालेपेक्षा तीच अधिक खरे सांगेल.