मातीला लागलं की औषध मरतं?

सोयाबीन-पऱ्हाटीचा हंगाम सुरू झाला की हिंगण्याकडच्या कृषी केंद्रांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "काई टेन्शन घेऊ नका भाऊ, मातीले लागलं का औषध मेलं." औषध म्हणजे तणनाशक. मुळात हे ग्लायफोसेटबद्दल बोललं जायचं. आता प्रत्येक बाटलीसोबत तेच ऐकवतात.

एक साधा प्रश्न. पेंडीमिथॅलिन आपण कुठे फवारतो? पेरणी झाल्यावर, उगवणीच्या आधी, उघड्या मातीवर. तरीही पुढचे काही आठवडे तण डोकं वर काढत नाही. मातीला लागताच औषध मरत असेल, तर ही बाटली लोक कशासाठी विकत घेतात? दोन्ही गोष्टी एकाच काउंटरवर सांगितल्या जातात आणि कोणालाच खटकत नाही.

ग्लायफोसेटपुरतं त्या वाक्यात अर्धं सत्य आहे. ते चिकणमातीला आणि मातीतल्या लोह-ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडना घट्ट चिकटतं, म्हणून मुळांना सहसा मिळत नाही. पण चिकटणं म्हणजे नष्ट होणं नव्हे. जिवाणू ते हळूहळू तोडतात, त्याला आठवडे किंवा महिने लागतात, आणि त्यातून ॲम्पा नावाचा आणखी चिवट पदार्थ तयार होतो. शिवाय माती तरी जागेवर कुठे राहते? जुलैच्या मुसळधार पावसात उताराच्या वावरातून गढूळ पाणी नाल्याला लागतं, नाला वेणा नदीला. औषध त्या मातीच्या कणांसोबतच जातं. शंका असेल त्यांच्यासाठी: अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण विभागाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये ३८ राज्यांतल्या नमुन्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ओढे आणि मोठ्या नद्यांच्या निम्म्याहून अधिक नमुन्यांत ग्लायफोसेट किंवा ॲम्पा सापडलं. भूजलात प्रमाण बरंच कमी होतं, म्हणजे माती थोपवते हे खरं. पण पूर्ण थोपवत नाही.

सोयाबीनवरच्या इमॅझेथापायरची तऱ्हा उलटी. ते पाण्यात सहज विरघळतं. आपली काळी जमीन बहुधा अल्कधर्मी. अशा जमिनीत त्याच्या रेणूवर ऋण भार असतो, चिकणमातीवरही ऋणच, त्यामुळे माती त्याला धरून ठेवत नाही. पाणी जाईल तिकडे ते जातं. उरलेला अंश मोहरीसारख्या पुढच्या पिकाला बाधू शकतो तो वेगळाच. तेव्हा ‘तणनाशक पाण्यात जातं का’ असं मोघम विचारू नका. कोणतं तणनाशक, ते विचारा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "आपली माती चिकट आहे, पाणी खाली जातंच कुठे?" उन्हाळ्यात याच मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हे सगळ्यांनी पाहिलेलं आहे. त्या पुरत्या मिटण्याआधी जोराचा पाऊस आला, तर पाणी मातीतून गाळून न जाता भेगेतून थेट मुरमात उतरतं. मुरमाखाली बेसाल्ट, त्यालाही सांधे आणि भेगा. विहिरीला पाणी येतं ते तिथूनच. भेगा मिटल्या की तीच जमीन पाणी मुरू देत नाही, मग ते वरून वाहतं.

किती जातं? वॉचोप या अमेरिकी संशोधकाने १९७८ मध्ये घेतलेल्या आढाव्यानुसार बहुतेक औषधांचा अर्धा टक्का किंवा त्याहून कमी भाग वाहून जातो. फवारणीनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत मोठा पाऊस झाला तर जास्त. अर्धा टक्का किरकोळ वाटतो ना? इमॅझेथापायर १० टक्के एकरी ४०० मिलि, म्हणजे ४० ग्रॅम सक्रिय घटक. त्याचा अर्धा टक्का ०.२ ग्रॅम. युरोपची पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ०.१ मायक्रोग्रॅम, म्हणजे या ०.२ ग्रॅमने २० लाख लिटर पाणी त्या मर्यादेला पोचतं. ही मर्यादा खबरदारीची आहे, ओलांडली म्हणजे विषबाधा झाली असं नाही. पण ‘काहीच जात नाही’ हे खोटं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

"पाणी उकळलं की झालं." नाही. ही औषधं सहसा वाफेबरोबर उडत नाहीत. पाणी आटतं, औषध मागे राहतं.

"टीडीएस कमी आहे, म्हणजे पाणी शुद्ध." ते मीटर क्षारांचा अंदाज देतं. मायक्रोग्रॅममधलं तणनाशक त्याला कळत नाही.

"सरकारी मानकात बसलं की सगळं तपासलं." भारतीय मानक १०५०० (२०१२) च्या कीटकनाशकांच्या यादीत ॲट्राझिन आहे (लिटरला २ मायक्रोग्रॅम), २,४-डी आहे (३०), ग्लायफोसेट आणि इमॅझेथापायर नाहीत.

"पाणी नासवते ती एमआयडीसी, वावर नाही." एकाचा दोष दाखवला म्हणून दुसरा सुटत नाही.

"पंप विहिरीवर धुतला तर काय बिघडतं?" बिघडतं. वरच्या हिशेबाने इमॅझेथापायरच्या बाटलीतलं १ मिलि औषध १० लाख लिटरला पुरतं. पंप वावरातच धुवा, ते पाणी पिकावरच फवारा.

आणि बाटली उघडण्याआधी पावसाचा अंदाज बघा. नाल्याकडच्या धुऱ्यावर गवताचा पट्टा राखा, तो मातीही अडवतो. डवरणीने भागत असेल तिथे डवरा चालवा. कारण मातीला लागलेलं औषध मेलेलं नसतं. पुढचा पाऊस कधी येतो, यावर त्याचा मुक्काम ठरतो.