डोळे आले की मेडिकलचे थेंब? आधी डोळ्यावर कोण राहतं ते बघा

पावसाळ्यात घरात एकाचे डोळे आले की पाठोपाठ सगळ्यांचे येतात. मग भोपाळचं नेहरू नगर असो, पांढुर्णा असो की वरूड, पहिली धाव मेडिकलकडे. ‘डोळे आलेत, थेंब द्या’ एवढं म्हटलं की बाटली हातात पडते. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्याजवळच्या आळंदीपासून भोपाळपर्यंत डोळ्यांची साथ पसरली होती. ती विषाणूंची साथ होती आणि अँटिबायोटिक थेंबांनी विषाणू मरत नाहीत. मरतात ते जिवाणू, आणि जिवाणू तर निरोगी डोळ्यावरही राहत असतात.

ही गोष्ट बरीच वर्षं नीट लक्षात आली नव्हती. डोळ्यातला नमुना प्रयोगशाळेच्या बशीत वाढवायला ठेवला की बहुतेक वेळा फारसं काही उगवायचं नाही. पुढे जिवाणूंचा डीएनए थेट वाचता येऊ लागला तेव्हा चित्र बदललं. स्टॅफिलोकॉकस, कोरिनेबॅक्टेरियम अशी मंडळी तिथे सापडली, पण अगदी विरळ. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये दिलेल्या अंदाजानुसार चेहऱ्याच्या त्वचेवर किंवा गालाच्या आतल्या बाजूला माणसाच्या एका पेशीमागे दहा-बारा जिवाणू असतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ पडद्यावर मात्र साधारण वीस पेशींमागे एक.

वस्ती इतकी विरळ का, याचं उत्तर अश्रूंमध्ये आहे. पापणी लवली की पृष्ठभाग पुसला जातो, शिवाय अश्रूंमध्ये लायसोझाइम नावाचा जिवाणू फोडणारा पदार्थ असतो. तो अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी शोधला, पेनिसिलिनच्याही आधी, १९२२ मध्ये. अभ्यासाला अश्रू लागायचे म्हणून ते स्वतःच्या आणि सहकाऱ्यांच्या डोळ्यांत लिंबू पिळत. (हा प्रयोग घरी करायचा नाही!)

मग या पाण्यात टिकून राहणारे जिवाणू करतात काय? २०१७ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्र संस्थेत रॅचेल कॅस्पी यांच्या गटाने उंदरांवर काम केलं. उंदराच्या डोळ्यावर राहणारा कोरिनेबॅक्टेरियमचा एक प्रकार तिथल्या रोगप्रतिकारक पेशींना सतत जागं ठेवतो, असं दिसलं. जेंटामायसिन देऊन तो जिवाणू काढून टाकला, तेव्हा कँडिडा या बुरशीने त्या डोळ्यांवर सहज ताबा मिळवला. माणसाच्या डोळ्यात हुबेहूब असंच होतं, असं यावरून म्हणता येत नाही. पण गरज नसताना थेंब टाकण्यात काही बिघडत नाही, हा समज तरी आता सोडायला हवा.

डोळ्याचा पृष्ठभाग एकदा दुखावला की पुढे काय होतं, हे भोपाळने वेगळ्याच पद्धतीने भोगलं आहे. नेहरू नगर शहराच्या नैऋत्येला, तर युनियन कार्बाइडचा कारखाना उत्तरेला. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री तिथून सुटलेल्या वायूने हजारोंचे डोळे भाजले. तीन वर्षांनी झालेल्या पाहणीचा अहवाल १९९० मध्ये छापून आला. त्यात असं दिसलं की वरवरच्या जखमा भरून आल्या होत्या, पण डोळ्यांना संसर्ग होण्याचा धोका वाढलेला राहिला; चुरचुर आणि पाणी येणंही थांबलं नव्हतं. ती पाहणी जिवाणूंची नव्हती. तरीही जखम भरली म्हणजे राखण पूर्ववत झाली असं नाही, एवढं त्यातून कळतं.

आपल्या भागात खरी भीती शेतातली आहे. उसाचं पातं, गव्हाचं कुसळ किंवा तुरीची काडी डोळ्याला लागते आणि तिच्यासोबत बुरशी बुबुळात शिरते. अशा वेळी मेडिकलवरून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड मिसळलेलं असेल, तर लाली दोन दिवसांत उतरते, माणूस खूश होतो आणि बुरशीला मात्र रान मोकळं मिळतं. बुबुळावर पांढरा डाग दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. स्टेरॉइडचे थेंब महिनोन् महिने टाकले तर काचबिंदू आणि मोतीबिंदूचा धोका वेगळाच.

म्हणून डॉक्टरांनी दिलेले थेंबही बंद करायचे का? मुळीच नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी पोव्हिडोन आयोडीन टाकून हीच वस्ती मुद्दाम कमी केली जाते, कारण डोळ्याबाहेर निमूट राहणारा जिवाणू आत शिरला तर नजर घालवू शकतो. ऑपरेशननंतर दिलेले थेंब सांगितलेल्या दिवसांपर्यंत टाकायलाच हवेत.

साथीत डोळे आले तर बहुतेकांचे आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात. टॉवेल, उशीचा अभ्रा, काजळाची डबी वेगळी ठेवा, हात धूत राहा आणि लेन्स वापरत असाल तर तोवर चष्मा लावा. गुलाबजल, मध, आईचं दूध यातलं काहीही डोळ्यात घालू नका. दिसणं धूसर झालं, उजेड सहन होईना, ठणका लागला किंवा डोळ्याला पिकातलं काही लागलं असेल, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. जाताना घरात वापरलेली थेंबांची बाटली सोबत न्या. आत काय होतं, ते त्यांना लेबलवरून कळेल.